एक्स्पोर्ट बिघडला? सेटिंगला हात लावण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

एडिट केलेला व्हिडिओ एक्स्पोर्ट केला, म्हणजे त्याची शेवटची फाइल काढली, आणि ती बिघडलेली निघाली की बहुतेकांचा हात आधी बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा त्या आकड्यावर जातो. चित्र फुटलं, वाढव बिटरेट. रंग फिके आले, वाढव बिटरेट. आवाज ओठांशी जुळत नाही, तरी बिटरेटच. तेवढ्यानं भागलं नाही की कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), फॉरमॅट सगळं एकदम बदलून पुन्हा रेंडर लावायचा, म्हणजे सॉफ्टवेअरला फाइल बनवायला लावायचं, आणि टक्केवारीकडे बघत बसायचं. समजा यातून फाइल सुधारलीच, तरी ती कशानं सुधारली ते कळत नाही. पुढच्या कामात तोच बिघाड पुन्हा समोर येतो.

मुलाखती, शिकवण्याचे व्हिडिओ, छोटे माहितीपट असं काम मी रोज करते. त्यामुळे स्वतःच्या फायलींबरोबर इतरांच्या अडलेल्या फायलीही माझ्याकडे येतात. मी प्रत्येक वेळी आधी एकच गोष्ट ठरवते: दोष मूळ फुटेजमध्ये आहे, टाइमलाइनमध्ये (एडिट करताना क्लिप जिथे ओळीनं जोडतो ती पट्टी) आहे, एक्स्पोर्टमध्ये आहे की फक्त बघायच्या प्लेअरमध्ये आहे? हे ठरेपर्यंत एक्स्पोर्टच्या खिडकीतलं काहीही बदलायचं नाही. या चारांपैकी एक्स्पोर्ट सेटिंग खरोखर दोषी निघतं ते लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी वेळा.

दहा सेकंदांची चाचणी

दोष जिथे दिसतो तिथे टाइमलाइनवर इन आणि आउट (सुरुवातीची आणि शेवटाची खूण) लावा आणि दहा सेकंदांचाच तुकडा एक्स्पोर्ट करा. चाळीस मिनिटांचा रेंडर पुन्हा पुन्हा लावण्यात दिवस जातो. दहा सेकंदांचा तुकडा लगेच हातात येतो.

आता तो तुकडा परत त्याच टाइमलाइनवर आणा. सगळ्यात वरच्या ट्रॅकवर, मूळ दृश्याच्या अगदी बरोबर डोक्यावर ठेवा आणि ब्लेंड मोड (वरचं चित्र खालच्यात कसं मिसळायचं तो पर्याय) ‘डिफरन्स’ करा. एडिटिंग सॉफ्टवेअरपैकी प्रीमिअर प्रोमध्ये हा पर्याय ओपॅसिटीखाली मिळतो, डाविंची रिझॉल्व्हमध्ये इन्स्पेक्टरमधल्या कंपोझिट मोडमध्ये. डिफरन्स खालच्या चित्रातून वरचं चित्र वजा करतो. दोन्ही सारखी असतील तर पडदा काळा होतो.

काळ्या पडद्यावर कडांपाशी किंचित वळवळ दिसली तर काळजी नको, कॉम्प्रेशन झालं की तेवढी राहतेच. पण माणसाच्या आकाराची उजळ रेघ उमटली तर चित्र एखादी फ्रेम पुढेमागे सरकलंय किंवा थोडं लहानमोठं झालंय. सगळा पडदा सारखाच राखाडी दिसला तर उजेडाच्या पातळ्या बदलल्यात. काही सेकंद काळा, मध्येच एक उजळ फ्रेम, पुन्हा काळा, असं ठरावीक अंतरानं होत असेल तर फ्रेम रेटचा घोळ आहे. आणि पडदा स्वच्छ काळा असूनही फाइल बाहेर फिकी दिसत असेल, तर एक्स्पोर्टनं चित्र बरोबर दिलंय. गडबड प्लेअरमध्ये किंवा फायलीवरच्या रंगाच्या खुणेत (रंग कसे वाचायचे ते प्लेअरला सांगणाऱ्या नोंदीत) आहे. ही एक चाचणी माझे निम्मे प्रश्न जागेवर सोडवते. कितीतरी वर्षं काम करणारे लोकही ती करत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरं हत्यार म्हणजे मीडियाइन्फो. मोफत आहे. कुठलीही फाइल त्यात टाका. कोडेक, बिटरेट, फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, किती बिटचा रंग आहे, आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), सगळं लिहून येतं. आधी मूळ फुटेज त्यात बघा आणि मग एक्स्पोर्ट झालेली फाइल. नावात एमपी४ आहे म्हणून आत काय आहे ते कळत नाही. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे, आत कुठलं कोडेक भरलंय, एच.२६४, एच.२६५ की प्रोरेस, ते उघडून बघावं लागतं. ‘तीच एमपी४ दिली होती, या टीव्हीवर चालत नाही’ ही तक्रार नेहमी इथूनच सुरू होते.

आवाज ओठांना सोडून जातो तेव्हा

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडी थांबते. परवा एक नवा एडिटर विचारत होता, ‘ताई, सुरुवातीला अगदी बरोबर आहे, पण शेवटी माणूस बोलून थांबतो आणि आवाज चालूच राहतो. एक्स्पोर्टमध्ये काय बदलू?’ मी म्हटलं, एक्स्पोर्ट राहू दे. आधी सांग, टाइमलाइनवर शेवटची पाच मिनिटं बघितलीस का? बघितली नव्हती. तिथेही आवाज सुटलेलाच होता.

आधी हे ठरवा की फरक सगळीकडे सारखा आहे की वाढत जातो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढ्याच फ्रेमचा फरक असेल तर क्लिप जुळवतानाच सरकली आहे किंवा ब्लूटूथ हेडफोन उशिरा वाजतोय. तार असलेला हेडफोन लावून खात्री करा, मग पुढचं बघा.

फरक वाढत जात असेल तर दोन संशयित आहेत. पहिला म्हणजे बदलता फ्रेम रेट. बरेच फोन आणि स्क्रीन रेकॉर्ड करणारी सॉफ्टवेअर प्रत्येक सेकंदाला सारख्याच फ्रेम घेत नाहीत. प्रकाश कमी झाला किंवा प्रोसेसरवर ताण आला की फ्रेम कमी होतात. एडिटिंग सॉफ्टवेअरला प्रत्येक सेकंदात ठरावीक फ्रेम हव्या असतात. मग चित्र एका चालीनं जातं, आवाज दुसऱ्या. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल तर बहुधा चोर सापडला. ती क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ फायली बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट निवडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करा, क्वालिटी चढी ठेवा आणि निघालेली नवी फाइल टाइमलाइनवर घ्या. हे एडिट सुरू करायच्या आधी केलं तर दहा मिनिटांचं काम आहे. एडिट झाल्यावर केलं तर प्रत्येक कट पुन्हा तपासावा लागतो. म्हणून फोनवरचं फुटेज आलं की मी आधी मीडियाइन्फो उघडते, टाइमलाइन नंतर.

दुसरा संशयित ३० आणि २९.९७. दोन्ही एकच समजून चालणारे खूप आहेत. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा ३० फ्रेमचा वेग हजारात एक भागानं कमी केला गेला, तो २९.९७ आजही आपल्या मेनूंमध्ये बसलेला आहे. हजारात एक म्हणजे दहा मिनिटांत ०.६ सेकंद, म्हणजे जवळजवळ १८ फ्रेम. तासाभरात ३.६ सेकंद. २९.९७ चं फुटेज कुणी ३० म्हणून इंटरप्रिट केलं असेल, म्हणजे सॉफ्टवेअरला ते ३० समजून वाचायला लावलं असेल, आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरून आला असेल तर नेमका एवढा फरक पडतो. फरक मोजून हा हिशेब जुळतोय का बघा. जुळला तर क्लिपच्या इंटरप्रिट सेटिंगमध्ये जाऊन मूळ फ्रेम रेट परत द्या.

दोन रेकॉर्डरची घड्याळं अगदी तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे तासाभराच्या मुलाखतीत थोड्या फ्रेमचा फरक निव्वळ त्यामुळेही पडतो. तिथे उत्तर म्हणजे आवाज दर काही मिनिटांनी, बोलणं थांबतं तिथे कापून पुन्हा जुळवणं. त्यासाठी एक्स्पोर्टमध्ये कुठलंही बटण नाही.

झटके

कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळतं, पण माणूस बसून बोलतो तेव्हा ठीक दिसतं. हा फ्रेम रेटच्या न जुळण्याचा झटका. ३० फ्रेमचं फुटेज २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की दर सहा फ्रेममधली एक गळते. २४ चं ३० वर टाकलं की दर चार फ्रेममागे एक दोनदा दिसते. टाइमलाइनचा फ्रेम रेट ज्या कॅमेऱ्याचं फुटेज जास्त आहे त्याचा ठेवा आणि एक्स्पोर्टचा फ्रेम रेट टाइमलाइनचाच ठेवा. ‘६० केलं की स्मूद होईल’ या आशेनं एक्स्पोर्टमध्ये आकडा वाढवू नका. नव्या फ्रेम कुठून येणार? आहेत त्याच पुन्हा छापल्या जातात आणि मिळालेला बिटरेट जास्त फ्रेममध्ये वाटला जातो.

हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर फील्ड ऑर्डर (चित्राच्या ओळी कुठल्या क्रमानं दाखवायच्या ते सेटिंग) बघा. ती ‘प्रोग्रेसिव्ह’, म्हणजे पूर्ण फ्रेम एकदम, अशी हवी. जुन्या टेपवरचं फुटेज असेल तर आधी डीइंटरलेस (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांची पूर्ण फ्रेम) करून घ्या.

चित्र फुटतं तेव्हा

आता बिटरेट. त्याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकानं एकदा स्वतः करावा: सेकंद गुणिले मेगाबिट, भागिले आठ. दहा मिनिटांची फिल्म १६ मेगाबिटनं काढली तर ६०० × १६ ÷ ८, म्हणजे १,२०० मेगाबाइट. आवाजाचं थोडं वर. फाइल किती मोठी होईल हे रेंडर लावण्याआधीच माहीत असतं, मग नंतर ‘इतकी मोठी कशी झाली’ हा प्रश्न उरत नाही.

यूट्यूब स्वतः अपलोडसाठी जे आकडे सुचवतं ते धरून चाला: १०८० पी, २४ ते ३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट, ५०-६० फ्रेमसाठी १२, फोर के व्हिडिओला २४ ते ३० फ्रेमसाठी ३५ ते ४५. आवाज स्टिरिओ ३८४ किलोबिट, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. मी १०८० पीला १६ देते, कारण तिथे फाइल पुन्हा एकदा दाबली जाते आणि आधीच कसंबसं चाललेलं चित्र दुसऱ्यांदा दाबलं की फुटतं. पण ५० देऊन काही मिळत नाही, अपलोडचा वेळ तेवढा वाढतो.

कुठली दृश्यं फुटतात ते ओळखायला शिका. बसून बोलणारा माणूस ६ मेगाबिटमध्येही सुंदर दिसतो, कारण एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये फार काही बदलत नाही. वाहतं पाणी, धूर, पाऊस, वाऱ्यावर हलणारी पानं, उडणारे रंगीत कागद इथे प्रत्येक फ्रेम नवी असते, आणि तिथेच चौकोन दिसू लागतात. फिल्ममध्ये अशी थोडीच दृश्यं असतील तर व्हीबीआर (दृश्यानुसार बदलता बिटरेट) टू पास निवडा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर नुसतं बघून घेतं, दुसऱ्या फेरीत अवघड जागी जास्त बिट देतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. प्रीमिअरमध्ये टू पास हार्डवेअर एन्कोडिंगबरोबर (यंत्रातल्या खास चिपकडून फाइल दाबून घेणं) मिळत नाही, सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर यावं लागतं. पर्याय दिसत नसेल तर तिथे बघा.

बिटरेट वाढवूनही आकाशात किंवा मागच्या गुळगुळीत भिंतीवर पट्टे दिसत असतील तर दोष रंगाच्या खोलीचा आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १,०२४. मंद उतार २५६ पायऱ्यांत बसवताना पायऱ्या डोळ्याला दिसतात. एच.२६५ मध्ये १० बिट काढता येतं, पण बघणाऱ्याचं यंत्र ते चालवेलच असं नाही. म्हणून मी त्या दृश्यावर अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा) टाकते. पायऱ्यांच्या कडा त्यात विरून जातात आणि साध्या ८ बिटमध्येही भिंत गुळगुळीत दिसते.

आणि अपलोड करून लगेच बघू नका. यूट्यूबवर कमी रिझोल्युशनची आवृत्ती आधी तयार होते, वरची मागून. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जशीच्या तशी जाते. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या फायली पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट करणारे लोक मी पाहिले आहेत.

रंग

टाइमलाइनवर गडद, भरलेलं चित्र आणि मॅकवरच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये धुतल्यासारखं. इथे पुष्कळजण कॉन्ट्रास्ट वाढवून पुन्हा एक्स्पोर्ट करतात. कृपा करून असं करू नका, कारण दुसऱ्या पडद्यावर तेच चित्र काळं ठिक्कर दिसेल. रेक. ७०९ ची, म्हणजे नेहमीच्या एचडी रंगमानकाची फाइल क्विकटाइम साधारण १.९६ गॅमानं (मधल्या छटा किती गडद दाखवायच्या तो आकडा) दाखवतो, ग्रेडिंगचा म्हणजे रंग सुधारण्याचा मॉनिटर २.४ वर लावलेला असतो. त्यामुळे तीच फाइल उजळ दिसते. व्हीएलसीमध्ये, ब्राउझरमध्ये आणि एखाद्या फोनवर बघा. बहुतेक बघणारे मॅकवर असतील तर रिझॉल्व्हमध्ये ‘रेक. ७०९-ए’ हा पर्याय त्याच कामासाठी आहे.

काळा रंग राखाडी झाला, किंवा सावलीतलं सगळं काळ्यात बुडालं, आणि तेही सगळ्या प्लेअरमध्ये सारखंच, तर पातळ्यांचा घोळ समजा. व्हिडिओची पातळी १६ ते २३५, संगणकाची पूर्ण पातळी ० ते २५५. एकीतली फाइल दुसरीतली म्हणून वाचली की हे होतं. रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावर, ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘डेटा लेव्हल्स’ आहे. ते ‘ऑटो’ वर ठेवा आणि क्लिपच्या गुणधर्मांतही कुणी ‘फुल’ करून ठेवलंय का ते बघा.

आयफोन १२ पासूनच्या फोनमधलं फुटेज टाइमलाइनवर पांढरंफटक दिसत असेल तर ते एचडीआर (उजेडाचा जास्त मोठा पल्ला टिपणारं) आहे आणि टाइमलाइन रेक. ७०९. एक्स्पोर्टमध्ये ते दुरुस्त होत नाही. सॉफ्टवेअरच्या कलर मॅनेजमेंटमध्ये टोन मॅपिंग (तो पल्ला साध्या व्हिडिओत बसवणं) चालू करा, आणि पुढच्या चित्रीकरणाआधी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करायला सांगा.

रेंडर मध्येच थांबतो

दर वेळी त्याच टक्क्याला थांबतो का? तर दोष टाइमलाइनवरच्या ठरावीक जागी आहे. एरर संदेशात टाइमकोड (टाइमलाइनवरची नेमकी वेळ) दिलेला असतो, लोक तो न वाचताच खिडकी बंद करतात. त्या जागेच्या आधीची आणि नंतरची दहा सेकंदं वेगवेगळी एक्स्पोर्ट करा. मग त्या क्लिपवरचे इफेक्ट एकेक करून बंद करा. नॉइज रिडक्शन, स्टॅबिलायझर आणि बाहेरून आणलेली प्लगइन यांना आधी पकडा. इफेक्ट काढायचाच नसेल तर तेवढी क्लिप प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये वेगळी रेंडर करून मूळच्या जागी बसवा.

प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर यंत्राकडे बघा. ग्राफिक्स कार्डची मेमरी भरते, तापमान चढतं, डिस्क भरते. हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून सॉफ्टवेअरवर एकदा काढून बघा. हळू जाईल, पण गेलं तर दोषी कोण ते कळलं. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये थेट रेंडर लावू नका. अर्धवट थांबलेली एमपी४ बहुधा उघडतच नाही, कारण फायलीची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते.

४ जीबीच्या जवळ पोचून थांबत असेल तर ड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी मावतच नाही. आधी डेटा दुसरीकडे हलवा, मग ड्राइव्ह एक्सएफएटीनं फॉरमॅट करा.

सुरूच होत नसेल तर आकार बघा. एच.२६४ मध्ये नेहमीच्या ४:२:० रंगात दोन बाय दोन पिक्सेलना मिळून रंगाची एक माहिती असते, त्यामुळे रुंदी आणि उंची दोन्ही सम आकडे लागतात. उभ्या व्हिडिओसाठी कुणीतरी हातानं १०८० बाय १३५१ टाकलेलं असतं. १३५० करा. तसंच प्रीमिअरमध्ये एच.२६४ ची लेव्हल (चित्राच्या आकाराची आणि वेगाची मर्यादा ठरवणारा आकडा) ४.१ ठेवून फोर के काढायला गेलात तर बसणार नाही. फोर के व्हिडिओला ३० फ्रेमपर्यंत ५.१ आणि ६० फ्रेमला ५.२ लागते.

एक्स्पोर्ट नीट होतो पण टीव्ही पेन ड्राइव्हवरून वाजवत नाही, तेव्हा टीव्हीला चालणारी सर्वांत साधी फाइल द्या: एमपी४ मध्ये एच.२६४, ८ बिट, ४:२:०, आवाज एएसी. १० बिट किंवा ४:२:२ (रंगाची जास्त माहिती) तिथे बऱ्याचदा अडकतं.

अर्धीच फिल्म निघाली तर इन-आउट लावलेले राहिलेत. एक्स्पोर्टची रेंज ‘पूर्ण सिक्वेन्स’ करा. शेवटी लांबच लांब काळं येत असेल तर टाइमलाइन झूम आउट करून शेवटाकडे जा, तिथे एखादा विसरलेला तुकडा पडलेला असतो. चित्र सगळीकडे सारखंच मऊ असेल तर प्रॉक्सी (एडिटसाठी बनवलेल्या हलक्या प्रती) किंवा प्रिव्ह्यू फायली वापरण्याच्या चौकटीत खूण आहे का ते बघा. फोनच्या एका स्पीकरवर बोलणं गायब आणि हेडफोनमध्ये ठीक, असं असेल तर दोन चॅनल एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि मोनो होताना एकमेकांना पुसतात. एकच चॅनल दोन्हीकडे द्या.

काम हातावेगळं करताना मी आधी एक मास्टर, म्हणजे पूर्ण दर्जाची मुख्य प्रत काढते: प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर, टाइमलाइनच्याच आकारात आणि फ्रेम रेटमध्ये. १०८० पी, २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ साधारण १२२ मेगाबिट घेतं, म्हणजे दहा मिनिटांना ९ जीबी. जागा लागते, पण तो पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एकदा डोळ्यांखालून घातला की बाकीच्या सगळ्या फायली, यूट्यूबची, टीव्हीची, व्हॉट्सॲपची, हँडब्रेकमधून त्यावरूनच निघतात. पुढे एखादी फाइल बिघडली तर प्रोजेक्ट उघडावाच लागत नाही. मास्टर चांगला आहे हे माहीत असतं, त्यामुळे शोधायला एक्स्पोर्ट आणि प्लेअर एवढेच दोन उरतात.